अनुभव ओसरल्यावर: ध्यान आणि सायकेडेलिक द्रव्ये यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

सीफमधल्या काचेच्या उंच इमारती मागे टाकून पश्चिमेकडे निघाले की थोड्याच वेळात करबाबादच्या पलीकडे, समुद्राच्या काठाशी, कलअत अल-बहरैनचे टेकाड दिसू लागते. हजारो वर्षे वस्तीवर वस्ती होत गेली आणि त्या थरांतून हे टेकाड उभे राहिले. १९५० च्या दशकात पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश पथकाने इथे उत्खनन सुरू केले, तेव्हा एका प्राचीन वाड्याच्या जमिनीखाली मुद्दाम पुरलेले मातीचे वाडगे हाती आले. त्यांत सापांचे सांगाडे होते. काही वाडग्यांत हाडांशेजारी एखादा मणीही ठेवलेला होता. ते पाहून बिबींना गिलगमेशच्या महाकाव्याची आठवण झाली.

ती कथा आपल्या विषयाच्या अगदी दारात उभी आहे. मृत्यूच्या धास्तीने घर सोडलेला राजा गिलगमेश महापुरातून वाचलेल्या एका वृद्धाला गाठतो. सुमेरी परंपरेने या वृद्धाला दिलमुनमध्ये वसवले आहे, आणि दिलमुनचे केंद्र बहरीन होते असे पुरातत्त्वज्ञ मानतात. वृद्ध आधी म्हणतो, सहा दिवस आणि सात रात्री जागा राहून दाखव. गिलगमेश बसतो आणि बसल्या जागी त्याचा डोळा लागतो. मग निरोपाच्या वेळी त्याला समुद्रतळाशी उगवणाऱ्या एका वनस्पतीचे गुपित कळते. पायांना दगड बांधून तो बुडी मारतो, पुढे या किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्यांनी शतकानुशतके मारली तशीच, आणि वनस्पती घेऊन वर येतो. परतीच्या वाटेवर तो अंघोळीला उतरतो तेवढ्यात साप ती पळवतो. एकाच कथेत जागे राहण्याची कसोटी आहे आणि वनस्पतीही आहे. पहिली राजाला पेलत नाही. दुसरी त्याच्याजवळ टिकत नाही.

स्वतःचे आणि जगाचे खरे स्वरूप कळावे म्हणून माणसाने या दोन्ही वाटा फार पूर्वीपासून चोखाळल्या आहेत. काही सेवन करून मनाची घडी बदलायची ही एक. मनालाच बसवून, सावरून, जागे ठेवून बदलायचे ही दुसरी. गेल्या काही दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांनी या दोन वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहायला सुरुवात केली आहे. एका बाजूला सायलोसायबिन, एलएसडी, मेस्कलीन यांसारखी सायकेडेलिक, म्हणजे मनाची जाणीव पालटणारी, द्रव्ये आणि दुसऱ्या बाजूला ध्यानाच्या नाना परंपरा, असा हा अभ्यास आहे. आखातात राहणाऱ्या काही मराठी वाचकांनी या विषयाचे वाचन एकत्र करायचे ठरवले, त्या वाचनाच्या आरंभी ही प्रस्तावना लिहीत आहे. विषय अगदी नवा असलेल्या वाचकालाही ती हाताशी धरून चालता यावे, एवढीच इच्छा आहे.

तुमच्या मनात पहिली शंका येईल ती रास्तच आहे. नशेच्या पदार्थांशी आपल्यासारख्या संसारी माणसांचे काय काम? म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, हे वाचन सेवनाचे आमंत्रण नाही. बहरीनमध्ये आणि भारतातही ही द्रव्ये बाळगणे वा घेणे गुन्हा आहे. भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा त्यांना लागू होतो. शिवाय ज्यांच्या घरात गंभीर मनोविकारांचा इतिहास आहे त्यांना या द्रव्यांपासून विशेष धोका संभवतो. जबाबदार संशोधक अशा व्यक्तींना प्रयोगांत घेतच नाहीत. तरीही विषय टाळून भागणार नाही. आपली मुले शिकायला ज्या देशांत जातात तिथे यांची चर्चा उघडपणे चालते, आणि त्या चर्चेत 'हे म्हणजे तुमच्याच ध्यानासारखे' असे सर्रास बोलले जाते. हे विधान कितपत खरे, हे तपासायला मराठी वाचकाहून अधिक सोयीच्या जागी बसलेला वाचक मला तरी दिसत नाही.

याचे कारण आपल्याच ग्रंथांत आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या चौथ्या पादाचे पहिलेच सूत्र सिद्धींचे पाच उगम सांगते: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधी समाधीच्याच रांगेत बसवलेली आहे. औषधीने काही घडते हे सूत्रकार नाकारत नाहीत, त्याला तुच्छही लेखत नाहीत. पण त्याच पादाच्या सहाव्या सूत्रात ते निवाडा करतात: या मार्गांनी घडलेल्या चित्तांपैकी ध्यानातून घडलेले तेवढेच कर्मवासनांचा साठा मागे ठेवत नाही. आणि तिसऱ्या पादात तर सिद्धी याच समाधीच्या आड येणाऱ्या गोष्टी आहेत असे बजावतात. म्हणजे काय दिसले, किती उजेड पडला, या प्रश्नावर पतंजली फारसे रेंगाळत नाहीत. अनुभव ओसरल्यावर चित्तात काय उरले, हा त्यांचा प्रश्न आहे. या साऱ्या अभ्यासक्षेत्रात वाट न चुकता फिरायचे असेल तर वाचकांनी हाच प्रश्न हाती धरावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधुनिक इतिहास थोडक्यात पाहू. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये एलएसडी तयार केले. त्याचा मनावरचा परिणाम त्यांना कळला तो १९४३ च्या एप्रिलमध्ये, स्वतः अवघे पाव मिलिग्रॅम घेतल्यावर. १९५३ मध्ये लेखक ऑल्डस हक्सले यांनी मेस्कलीन घेतले आणि पुढच्याच वर्षी 'द डोअर्स ऑफ परसेप्शन' लिहिले. १९६२ च्या गुड फ्रायडेला बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलमध्ये वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना सायलोसायबिन दिले होते. त्यांतल्या बहुतेकांनी गूढानुभवाशी जुळणारे वर्णन केले. रिक डॉब्लिन यांनी सुमारे पाव शतकानंतर त्या मंडळींना पुन्हा गाठले, तेव्हा अनेकांना तो दिवस अजून मोलाचा वाटत होता. मात्र त्या दिवशी काहींना झालेला त्रास मूळ अहवालात पुरेसा आला नव्हता, हेही उघड झाले. मग बंदी आली, आणि हे संशोधन बराच काळ थंडावले.

१९६० च्या दशकातच या प्रश्नाचे एक टोक थेट अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, येऊन पोचले. पुण्यात १८९४ मध्ये इराणी कुटुंबात जन्मलेले मेहेरबाबा तेव्हा नगरजवळच्या मेहेराझाद येथे राहत. जुलै १९२५ पासून त्यांचे मौन होते. आधी ते अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून बोलत. १९५४ नंतर ती फळीही सोडली आणि केवळ हातांच्या खुणा राहिल्या. बाबा खुणा करीत, शेजारी बसलेले शिष्य त्या शब्दांत मांडीत, आणि ते शब्द टंकलिखित होऊन समुद्रापार जात. एलएसडी घेऊन देव भेटतो का, असे विचारणारी पत्रे अमेरिकेतून येत होती. काही तरुण तर स्वतःच नगरला येऊन धडकले. पत्र लिहिणाऱ्यांत हार्वर्डचे माजी प्राध्यापक रिचर्ड आल्पर्टही होते, जे पुढे रामदास या नावाने प्रसिद्ध झाले. बाबांची उत्तरे १९६६ मध्ये 'गॉड इन अ पिल?' या पुस्तिकेत एकत्र आली.

ती उत्तरे नीट वाचली तर त्यांतला तोल लक्षात येतो. ही द्रव्ये शरीराला, मनाला आणि साधनेला अपायकारक आहेत, आणि त्यांतून येणारे अनुभव सत्याचा आभास देतात पण सत्यापासून दूर आहेत, हे बाबांनी निःसंदिग्ध सांगितले. त्याच वेळी डॉक्टरांच्या थेट देखरेखीखाली काही आजारांत त्यांचा उपयोग होऊ शकेल, हेही मान्य केले. एखाद्या प्रामाणिक साधकाला पहिली तळमळ लागायला ते निमित्त झाले असेल, पण ते काम झाल्यावर पुन्हा पुन्हा घेत राहण्यात हानीच आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. अनेक तरुणांनी तो मानला आणि द्रव्ये सोडली. आज संशोधक ज्या दोन गोष्टी वेगळ्या काढू पाहतात, उपचार आणि आत्मज्ञान, त्या नगरच्या माळरानावरून साठ वर्षांपूर्वी वेगळ्या काढल्या गेल्या होत्या. ही नोंद जगाच्या इतिहासात क्वचितच घेतली जाते. आपण तरी ती घ्यावी.

थंडावलेल्या संशोधनाच्या पुनरारंभाचा धागाही महाराष्ट्राला शिवून जातो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रोलंड ग्रिफिथ्स हे औषधशास्त्रज्ञ १९९० च्या दशकात सिद्धयोग परंपरेतले ध्यान करू लागले. ठाणे जिल्ह्यातले गणेशपुरी, नित्यानंद आणि मुक्तानंद या गुरूंचे, हेच त्या परंपरेचे माहेर. ध्यानात जे जाणवले त्याने ग्रिफिथ्स यांचे कुतूहल जागे झाले आणि ते सायलोसायबिनकडे वळले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३६ निरोगी स्वयंसेवक होते. दोन महिन्यांनी विचारले असता सुमारे दोनतृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत धरला. मात्र जवळजवळ एकतृतीयांश लोकांना त्या सत्रात तीव्र भीतीही वाटली होती. हे दोन्ही आकडे वाचकांनी नेहमी सोबतच लक्षात ठेवावेत.

याच गटाचा २०१८ चा अभ्यास आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळ येतो. त्यात ७५ जणांना सायलोसायबिनबरोबर ध्यान आणि इतर साधनांचा नित्यक्रमही दिला होता. काहींना कमी मार्गदर्शन, काहींना भरपूर. मोठ्या मात्रेने फरक पडला, पण सहा महिन्यांनी सर्वाधिक बदल दिसला तो ज्यांना मोठी मात्रा आणि साधनेसाठी भक्कम आधार, दोन्ही मिळाले त्यांच्यात. झुरिचच्या संशोधकांनी २०१९ मध्ये याची उलट बाजू पाहिली. ३९ अनुभवी ध्यानसाधकांचे पाच दिवसांचे शिबिर घेऊन चौथ्या दिवशी निम्म्यांना सायलोसायबिन आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी दिली. आधीच ध्यानात मुरलेल्या मनाला हा अनुभव कसा पेलतो, हे त्यांना पाहायचे होते. अशा अभ्यासांतली माणसे थोडी, निवडक आणि बहुधा आधीपासूनच या विषयाकडे ओढ असलेली असतात, हे विसरून चालणार नाही.

मेंदूच्या चित्रांविषयी दोन शब्द. आपण काही विशेष करत नसताना, स्वतःविषयीच्या विचारांत गुंतलेलो असताना, मेंदूतले काही भाग एकत्र काम करतात; त्यांना डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. २०११ मध्ये जडसन ब्रुअर यांना अनुभवी ध्यानसाधकांत, आणि २०१२ मध्ये रॉबिन कारहार्ट-हॅरिस यांना सायलोसायबिन दिलेल्यांत, या जाळ्याच्या मुख्य भागांची क्रिया मंदावलेली आढळली. साम्य लक्षणीय आहे. पण एवढ्यावरून दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात असे म्हणणे घाईचे ठरेल. मैफलीत एखाद्या क्षणी सूर लागणे आणि वर्षानुवर्षांच्या रियाजाने तो गळ्यात मुरणे, या दोन्ही वेळी कानाला ऐकू येणारा सूर एकच असू शकतो. गवई मात्र एकच नसतो.

ध्यानाच्या बाजूने काय घडते ते पाहायला इगतपुरीला चला. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये मुंबईत भारतातले आपले पहिले शिबिर घेतले, आणि पुढे इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचे केंद्र उभे राहिले. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात. बोलणे नाही, वाचन नाही, लेखन नाही, कोणत्याही प्रकारची नशा नाही. पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहायचे. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना तपासायच्या. दिवसातून तीनदा तासभर न हलता बसायचे. गुडघा ठणकतो, पाठ भरून येते. काहींना पुढे एक वेगळाच टप्पा लागतो: ठणका विरतो आणि सारे शरीर बारीक लहरींचा प्रवाह असल्यासारखे जाणवते.

एखाद्या नवख्या साधकाला वाटते, हेच ते! नेमक्या याच ठिकाणी शिकवण त्याला थांबवते. या सुखद लहरींना चिकटलास तर ठणक्याला वैतागण्याइतकीच ती चूक आहे, कारण दोन्ही बदलणारे आहे, असे सांगितले जाते. प्रगती मोजायची ती काय जाणवले यावरून नव्हे, तर त्याकडे पाहताना मन किती सम राहिले यावरून. पतंजलींनी जो निवाडा सूत्रात केला तोच इथे शरीराच्या पातळीवर शिकवला जातो, आणि तोही वेगळ्या, बौद्ध परंपरेतून.

मात्र ध्यान म्हणजे सर्वस्वी निर्धोक असा समज करून घेऊ नये. दीर्घ ध्यानशिबिरांत काहींना भीती, निद्रानाश, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे असे अनुभव येतात. ब्राऊन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांच्या गटाने २०१७ मध्ये साधकांच्या मुलाखतींतून यांची सविस्तर नोंद केली. आपल्या परंपरेला हे अपरिचित नाही. गुरूवाचून खोल साधना करू नये, हा जुना इशारा त्यासाठीच आहे. अभ्यासकाने दोन्ही वाटांच्या धोक्यांना सारखाच प्रकाश द्यावा.

आता वाचनाच्या क्रमाविषयी. वाचकांनी सुरुवात योगसूत्रांच्या पहिल्या आणि चौथ्या पादांपासून करावी, मराठी विवरणासह. मग 'ज्ञानेश्वरी'चा सहावा अध्याय संथपणे वाचावा. कुंडलिनीच्या जागृतीचे इतके तपशीलवार वर्णन लोकभाषेत करणारा हा ग्रंथ शके १२१२ चा आहे, हे मनात असू द्यावे. त्यानंतर गुरुदेव रा. द. रानडे यांचा १९३३ चा 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' घ्यावा. जमखंडीत जन्मलेले आणि विजापूर जिल्ह्यातल्या निंबाळला स्थिरावलेले रानडे सीमाभागाचे सुपुत्र. संतांना दिसलेले तेज, ऐकू आलेला नाद, प्रकटलेली रूपे यांची त्यांनी तत्त्वज्ञाच्या शिस्तीने वर्गवारी केली, आणि अनुभवाने माणसाचे आचरण उजळते का, या कसोटीलाही मोठे स्थान दिले. एवढी पूर्वतयारी झाल्यावरच हक्सलेंकडे जावे, मग मेहेरबाबांच्या पुस्तिकेकडे, आणि शेवटी ग्रिफिथ्स, कारहार्ट-हॅरिस, ब्रिटन यांच्या शोधनिबंधांकडे. शास्त्रीय दृष्टीने ध्यानाकडे पाहायची सवय हवी असेल तर लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे 'योगमीमांसा' हे नियतकालिक चाळावे. स्वामी कुवलयानंदांनी संस्था आणि नियतकालिक दोन्ही १९२४ मध्येच सुरू केली. योगाला मोजमापाच्या कक्षेत आणण्याचे धाडस महाराष्ट्राने एवढ्या लवकर केले होते.

वाचताना तीन सवयी लावून घ्याव्यात. अनुभवाचे कितीही सुंदर वर्णन वाचले तरी पान उलटून पुढे त्या माणसाचे काय झाले ते शोधावे. कोणत्याही प्रयोगात माणसे किती होती, ती कुठून आली आणि मनाची व जागेची तयारी कशी केली होती, हे आधी पाहावे, कारण त्यावर परिणाम फार अवलंबून असतो. आणि जमल्यास रोज थोडा वेळ श्वासाकडे लक्ष देऊन शांत बसावे. पोहण्यावरचे पुस्तक काठावर बसून वाचता येते, पण इथे निदान स्वतःच्या मनाची चंचलता ओळखीची असलेली बरी.

शेवटी, या अभ्यासाला मराठी वाचकाची गरज आहे असे मी मनापासून मानतो. आज प्रयोगशाळांत गूढानुभव मोजण्यासाठी ज्या प्रश्नावल्या वापरतात त्यांची मुळे तत्त्वज्ञ डब्ल्यू. टी. स्टेस यांच्या १९६० च्या ग्रंथातल्या वर्गवारीत आहेत. एकत्वाची जाणीव झाली का, काळ-स्थळ विरले का, पावित्र्य वाटले का, असे ते प्रश्न आहेत. ते मोलाचे आहेत, पण त्यांचा भर अनुभवाच्या घडणीवर आहे. समत्व किती टिकले, आसक्ती कमी झाली का, घरातल्या माणसांशी वागणे बदलले का, हे प्रश्न विचारायला आपली परंपरा शतकानुशतके शिकवत आली आहे. तुमच्यात कुणी वैद्यकातले असेल, कुणी संस्कृत जाणणारे, कुणी इगतपुरीला बसून आलेले, कुणी वारकरी घरात वाढलेले. प्रत्येकाजवळ या प्रश्नांत भर घालण्यासारखे काही आहे. ते वाचनाच्या बैठकीत मोकळेपणाने मांडा, मतभेदासह मांडा आणि शक्य तर मराठीत लिहून ठेवा. या विषयाचे मराठी लेखन अजून थोडे आहे. ते वाढवण्याचे काम तुम्हा-आम्हा वाचकांनाच करायचे आहे.

सीफ, बहरीन